चालत्या पुलीवरचा पट्टा: नागपूरच्या कारागिरीतील एका घाईचा इतिहास

यंत्राचा पट्टा बदलण्याची रीत सगळीकडे एकच आहे. यंत्र बंद करायचे, ताण सैल करायचा, जुना पट्टा उतरवायचा, नवा बसवायचा, ताण पुन्हा द्यायचा आणि सुरू करण्याआधी हाताने फिरवून पाहायचे. वेळ वाचवण्याच्या ज्या युक्त्या कारागिरांनी गेल्या दीडशे वर्षांत काढल्या, त्या सगळ्या यांतली एखादी पायरी गाळून काढलेल्या आहेत. नागपुरात या युक्त्या आधी कापडगिरणीत दिसल्या. मग त्या कापसाच्या जिनांत, पिठाच्या गिरण्यांत, ट्रकच्या गॅरेजांत आणि शेवटी स्कूटर दुरुस्तीच्या टपऱ्यांवर पोचल्या. गाळलेली पायरी बदलत गेली तसा धोक्याचा धनीही बदलला. गिरणीत तो कामगाराच्या हाताला होता. गॅरेजात आधी बोटांना आणि पुढे, कारागिराच्या नकळत, गिऱ्हाइकाच्या इंजिनाला झाला.

नागपुरात रेल्वे 1867 मध्ये आली आणि कापसाच्या मुलखात गिरणी काढण्याचा विचार व्यवहारात बसू लागला. जमशेटजी टाटा यांनी 1874 मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली. 1 जानेवारी 1877 रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले त्याच दिवशी, तिची गिरणी सुरू झाली. नाव पडले एम्प्रेस मिल. जागा जुम्मा तलावालगतची, आजच्या गांधीसागराच्या काठची. कारभार पाहायला रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले बेझनजी दादाभाई मेहता होते आणि यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी यांच्याकडे होती. 1883 च्या सुमारास या गिरणीत रिंग चात्यांचे प्रयोग झाले. लँकेशायरमधल्याच बऱ्याच गिरण्या त्या वेळी जुन्या म्यूल चात्यांना धरून होत्या. चाती बदलल्याने वेग वाढला आणि वेग वाढला की त्याचा भार शेवटी पट्ट्यावर येतो.

त्या काळच्या कोणत्याही वाफेवरच्या गिरणीत एकच मोठे इंजिन सारा कारखाना ओढत असे. इंजिनाची शक्ती मुख्य शाफ्टवर, तिथून प्रत्येक खात्यात छताजवळून जाणाऱ्या लांबलचक लाइन शाफ्टवर आणि लाइन शाफ्टवरून चामड्याच्या सपाट पट्ट्यांनी खालच्या एकेका यंत्रावर उतरे. प्रत्येक यंत्राच्या शाफ्टवर शेजारी शेजारी दोन पुल्या असत. एक घट्ट बसवलेली, दुसरी मोकळी फिरणारी. पट्टा घट्ट पुलीवर सरकवला की यंत्र चालू, मोकळ्या पुलीवर सरकवला की बंद. त्यासाठी लाकडी दांड्याला जोडलेला काटा असे. पुलीचा घेर मधे किंचित फुगीर ठेवलेला असतो. सपाट पट्टा आपोआप उंच भागाकडे चढतो, त्यामुळे तो मधोमध राहतो. व्यवस्था साधी आणि हुशार होती, पण तिच्यात एक अडचण मुळातच होती. पट्ट्याचा सांधा उसवला किंवा पट्टा वरच्या शाफ्टवरून उतरला, तर तो नीट बसवण्यासाठी लाइन शाफ्ट थांबवायचा आणि लाइन शाफ्ट थांबवायचा म्हणजे त्यावरची पन्नास यंत्रे थांबवायची.

सगळ्या युक्त्यांचे मूळ इथे आहे. एका पट्ट्यासाठी अख्खे खाते उभे ठेवणे कोणालाच परवडत नव्हते. मालकाचा माल थांबे आणि मागावर नगावर मजुरी घेणाऱ्याचा रोज बुडे. म्हणून पट्टा चालत्या शाफ्टवरच चढवायचा असा रिवाज पडला. निष्काळजी माणसे तो पाळत होती असे मानणे चुकीचे ठरेल. हे काम ज्यांना जमे त्यांना खात्यात मान असे आणि जॉबर म्हणजे खात्याचा मुकादमही अशा माणसाला हाताशी धरून असे.

काम असे चाले. तुटलेला पट्टा खाली घेऊन त्याची टोके सरळ कापायची, आरीने भोके पाडायची आणि चामड्याच्या वादीने सांधा शिवायचा. मग शिडी लावून चढायचे. पट्टा आधी खालच्या, थांबलेल्या पुलीवर टाकायचा. वरच्या फिरत्या पुलीच्या कडेला त्याची एक बाजू टेकवायची आणि पुली फिरते त्याच दिशेने तळहाताने किंवा काठीने ढकलायचे. पुली पट्टा पकडते, ओढते आणि अर्ध्या फेऱ्यात तो पूर्ण चढतो. बोटे पट्ट्याच्या आत कधीही घालायची नाहीत, हात बाहेरून उघडा ठेवायचा, पुली ज्या बाजूला पट्टा गिळते त्या बाजूला तो न्यायचा नाही, हे नवख्याला पहिल्याच दिवशी शिकवले जाई. शिकवले तरी वेगाचे गणित माणसाच्या बाजूचे नव्हते. मिनिटाला 200 फेरे घेणाऱ्या शाफ्टवर 60 सेंटिमीटर व्यासाची पुली असेल तर पट्टा सेकंदाला सहा मीटरहून जास्त धावतो. चूक ध्यानात येऊन हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्यात पट्टा सव्वा मीटर पुढे गेलेला असतो.

पुलीहून शाफ्ट अधिक घातक होता. पट्टा पुलीवर न बसता घसरून नुसत्या शाफ्टवर पडला, तर कधी कधी तो शाफ्टलाच गुंडाळू लागे. गुंडाळला जाताना त्याचे मोकळे टोक आसुडासारखे फिरे आणि वाटेत जे येईल ते ओढून घेई. धोतराचा सोगा, उपरणे, सैल बाही, केस, यांतले काहीही पुरे होई. सांध्याची वादी बाहेर लोंबत असेल किंवा धातूच्या आकड्याचे टोक वर आले असेल तर तेही कापडात अडके. सैल कपड्यांत काम करणाऱ्या इथल्या कामगाराला हा धोका रोजचा होता. नागपूरच्या उन्हाळ्यात खात्याच्या आत घट्ट कपडे घालून उभे राहणे हीच शिक्षा होती.

कायदा या धोक्याकडे हळूहळू वळला. 1881 चा पहिला कारखाने कायदा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या, 100 किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांना लागू झाला. त्याचा भर मुलांच्या कामाच्या तासांवर होता, तरी यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद त्यात होती. 1891 च्या कायद्याने 50 माणसांचे कारखाने आणि 1922 च्या दुरुस्तीने 20 माणसांचे कारखाने त्याच्या कक्षेत आले. एम्प्रेस मिलने मात्र कायद्याची वाट पाहिली नाही. 1886 मध्ये तिथे निवृत्तिवेतन निधी सुरू झाला आणि 1895 मध्ये अपघाताची भरपाई देण्यास सुरुवात झाली. देशभरातल्या कामगारांना हा हक्क 1923 च्या कामगार भरपाई कायद्याने मिळाला. त्या कायद्याच्या अनुसूचीत शरीराच्या भागांची किंमत कमाईच्या क्षमतेतील घटीच्या रूपाने मांडली होती: अंगठा गेल्यास 25 टक्के, तर्जनी गेल्यास 10, इतर कोणतेही बोट गेल्यास 5. पट्ट्याशी खेळणाऱ्या हातांचा हिशेब याहून थंडपणे कुठे मांडलेला सापडणार नाही. त्याच कायद्यात एक कलम असेही होते की, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम कामगाराने जाणूनबुजून मोडला असेल आणि त्यातून मृत्यू न होता नुसती इजा झाली असेल, तर मालक भरपाई देण्यास बांधील नाही. भिंतीवर ‘चालू यंत्रावर पट्टा चढवू नये’ अशी पाटी लावायची आणि जॉबरने मात्र ‘लवकर चढव’ म्हणून ओरडायचे, असा दुटप्पी व्यवहार या कलमामुळे मालकाच्या सोयीचा ठरू शकत होता.

1948 चा कारखाने कायदा सगळ्यांत बोलका आहे. त्याच्या 22 व्या कलमाने चालत्या यंत्रावर पट्टा चढवण्यास सरसकट बंदी घातली नाही, ते काम कोणी आणि कसे करावे ते ठरवून दिले. काम खास शिकवलेल्या प्रौढ पुरुषानेच करायचे. त्याचे नाव वहीत नोंदलेले हवे आणि नेमणुकीचा दाखला त्याच्याकडे हवा. त्याने घट्ट कपडे घालायचे आणि ते मालकाने पुरवायचे. पट्टा 15 सेंटिमीटरपेक्षा रुंद असेल तर फिरत्या पुलीजवळ त्याला हात लावायचा नाही. सांधा शिवलेला किंवा पट्ट्याच्या पातळीत बसलेला हवा, पुली आणि भिंत यांच्यात पुरेशी जागा हवी, पाय रोवायला भक्कम आधार हवा आणि शिडी बांधलेली किंवा दुसऱ्या माणसाने धरलेली हवी. 24 वे कलम सांगत होते की पट्टा घट्ट पुलीवरून मोकळ्या पुलीवर नेण्यासाठी काट्यासारखे साधन असलेच पाहिजे आणि वापरात नसलेला पट्टा फिरत्या शाफ्टवर लोंबत ठेवायचा नाही. या अटी ज्या अपघातांवरून घातल्या गेल्या असतील ते अपघात त्या अटींतच वाचता येतात. शिडी कोणी धरली नव्हती, सांध्याचा आकडा वर आला होता, भिंत फार जवळ होती. सत्तर वर्षे चालत आलेला आडमार्ग बंद करता येत नाही असे मानून कायद्याने त्याला कुंपण घातले. ही पळवाट होती की व्यवहारी शहाणपण, यावर मतभेद होऊ शकतात. पण खात्यातल्या पन्नास यंत्रांना स्वतंत्र मोटारी बसेपर्यंत पूर्ण बंदी कागदावरच राहिली असती.

गिरणीपेक्षा जिनांची अवस्था वाईट होती. हिंगणघाट, वर्धा, अमरावती, अकोला, खामगाव या भागात कापसाची सरकी काढणारे कारखाने हंगामी चालत. कापूस यायला लागला की दिवसरात्र आणि मग महिनोन्महिने कुलूप. 1934 च्या कायद्याने हंगामी कारखाने वेगळे काढले. तिथे प्रौढांना दिवसाला 11 आणि आठवड्याला 60 तास काम करवून घेता येत होते, तर बारमाही कारखान्यात ही मर्यादा 10 आणि 54 तासांची होती. ज्या ठिकाणी माणसे नवखी, दमलेली आणि काही आठवड्यांपुरती आलेली, तिथेच कायदा सैल होता. जिनांची रांग वरच्या मजल्यावर आणि लाइन शाफ्ट तिच्याखालच्या बोळात अशी सर्वसाधारण रचना असे. सरकी त्याच बोळात पडे आणि ती काढायला, शाफ्टला तेल द्यायला, उतरलेला पट्टा चढवायला माणसे वाकून आत जात. पुढे राज्यांच्या कारखाने नियमांत जिनांसाठी वेगळी तरतूद आली. जमिनीखालचा लाइन शाफ्ट सलग भिंतीने किंवा चढता न येणाऱ्या कुंपणाने बंद करायचा, सरकी काढणे आणि तेल देणे यांसाठी लागतील तेवढीच दारे ठेवायची आणि ती कुलूपबंद ठेवायची. हंगाम भरात असताना या कुलपाची किल्ली कोणाच्या खिशात राहील हे मात्र नियमाला ठरवता आले नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर पट्टा कारखान्याबाहेर पडला. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 मध्ये पुण्याजवळ खडकीला सुरू झाली. तिच्या आणि तिच्यासारख्या इतरांच्या डिझेल इंजिनांनी खेडोपाडी पिठाची गिरणी, उसाचा चरक, विहिरीचा पंप चालू लागला. कारखाने कायदा या एकट्यादुकट्या इंजिनापर्यंत पोचत नव्हता. पट्टा घसरू लागला की चालत्या पट्ट्यावर राळ चोळायची, ही गिरणीवाल्याची सवय याच काळातली. राळेने पट्टा काही तास पकड घेतो, पण चामड्यावर थर साचून तो कडक होतो आणि लवकर चिरतो. शिवाय राळ चोळणारा हात पुलीच्या तोंडाशीच असतो. ट्रॅक्टरच्या पुलीवरून लांब सपाट पट्ट्याने चालणारी मळणीयंत्रे आल्यावर हात तुटण्याच्या घटना एवढ्या वाढल्या की, केंद्राला 1983 मध्ये धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्याचा रोख मुख्यतः मळणीयंत्रांवर होता. मळणीयंत्रात बहुतेक हात पेंढी सारताना जात, पट्ट्याने जाणारे त्याहून थोडे. तरी घाईचे कारण तेच: पाऊस डोक्यावर आणि यंत्र भाड्याचे.

दरम्यान गिरण्यांतला सपाट पट्टा मागे पडत होता. प्रत्येक यंत्राला आपली विजेची मोटार मिळाली आणि मोटार ते यंत्र एवढ्या छोट्या अंतरासाठी रबर आणि कापडाचा, पाचरीच्या आकाराचा व्ही-बेल्ट पुरेसा झाला. हा पट्टा अमेरिकेत जॉन गेट्स यांनी 1917 मध्ये काढला. तो पुलीच्या खाचेत दोन्ही कडांनी घट्ट धरतो, उतरत नाही आणि सांध्याशिवाय अखंड असतो. सांधा नसल्यामुळे तो बदलायचा तर मोटार पुढे सरकवून ताण सोडावाच लागतो. इथे नवा आडमार्ग निघाला. मोटारीचे बोल्ट सैल न करता पट्टा एका पुलीत बसवायचा, दुसऱ्या पुलीच्या कडेवर टॉमीने म्हणजे लोखंडी दांड्याने किंवा पेचकसाने ओढून धरायचा आणि पुली फिरवून आत पाडायचा. गिरणीत चालत्या शाफ्टवर जे केले जाई त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती. फरक एवढाच की यात पट्टा दिसायला धड राहतो. त्याच्या आतले ताण सोसणारे दोरे मात्र कडेला तुटलेले असतात आणि काही आठवड्यांत पट्टा एका बाजूने पिळवटून निघतो.

मोटारगाडीच्या इंजिनाला हाच व्ही-बेल्ट फॅन बेल्ट म्हणून मिळाला आणि नागपूरच्या गॅरेजांत पट्टा बदलण्याचे काम रोजचे झाले. वाराणसी–कन्याकुमारी हा जुना राष्ट्रीय महामार्ग 7 आणि हजिरा–कोलकाता हा जुना 6 इथेच एकमेकांना छेदत. आज त्या वाटा 44 आणि 53 या क्रमांकांनी ओळखल्या जातात. देशाच्या चारी दिशांचे ट्रक नागपुरातून जातात आणि अमरावती रस्त्यावरची वाडी ही गोदामांची आणि ट्रान्सपोर्टची वस्ती त्यातूनच वाढली. बसच्या बाजूला मध्य प्रांताच्या काळातली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस होती. महाराष्ट्र झाल्यावर तिचा कारभार एसटीकडे आला. दापोडी आणि चिकलठाण्याप्रमाणे एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा नागपूरला हिंगणा रस्त्यावर आहे. कार्यशाळेत आणि आगारात पट्टे ठरलेल्या मुदतीला बदलतात. रस्त्याकडेच्या गॅरेजात पट्टा तुटल्यावर बदलतो आणि तुटतो तो बहुधा मे महिन्यात. नागपूरच्या 45 अंशांच्या उन्हात पंखा आणि पाण्याचा पंप या दोघांना फिरवणारा पट्टा गेला की काही मिनिटांत रेडिएटर उकळतो. ट्रकमध्ये नाशवंत माल असतो आणि मालकाचा फोन दर अर्ध्या तासाने येतो.

नीट करायचे तर डायनॅमोचा किंवा अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून तो आत ढकलायचा, पट्टा टाकायचा, टॉमीने अल्टरनेटर बाहेर ओढून बोल्ट आवळायचा आणि पट्ट्याच्या मधोमध अंगठा दाबून तो साधारण सेंटिमीटरभर लवतो का ते पाहायचे. गंजलेला बोल्ट सुटत नाही. मग पट्टा पुलीच्या कडेवर अडकवून पंख्याचे पाते हाताने फिरवले जाते. तेही जमले नाही तर केबिनमध्ये बसलेल्या क्लीनरला ‘सेल्फ मार’ असे सांगितले जाते. स्टार्टर इंजिन फिरवतो, पट्टा खाचेत उडी मारतो आणि त्याच क्षणी मिस्त्रीचा पेचकस किंवा बोट तिथे असते. इंजिन गरम असेल तर ते नुसते फिरत नाही, सुरूही होते. दोन समांतर पट्ट्यांच्या ट्रकमध्ये एकच तुटला तर तेवढाच बदलण्याची सवयही याच घाईची. नवा पट्टा आखूड, जुना ताणलेला, त्यामुळे सगळा भार नव्यावर येतो आणि जोडी म्हणून बदलले असते त्याहून लवकर दुसरी खेप पडते. पट्टा मिळेपर्यंत सुताची दोरी किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून गाडी पुढच्या गावापर्यंत नेण्याची युक्ती मात्र यांतली बरी म्हणावी अशी. ती तात्पुरती आहे हे सगळ्यांना ठाऊक असते.

रेडिएटर आणि पंखा यांच्यामधल्या अरुंद फटीत मोठ्या माणसाचा हात शिरत नाही. गॅरेजातल्या पोऱ्याचा शिरतो. पट्टा चढवायला लहान मुले लावण्याची रीत या फटीतून आली. 1986 च्या बालकामगार कायद्याने ज्या कामांत मुलांना बंदी केली त्या यादीत पुढे मोटार गॅरेजही घातले गेले. तसेच 1950 पासून चालू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवला जाऊ लागला. तरी गॅरेजातले बहुतेक शिक्षण उस्तादाच्या हाताखालीच होत राहिले. उस्तादाचा आडमार्ग शिष्य रीत म्हणूनच शिकतो.

टायमिंग बेल्टने या साऱ्याला वेगळे वळण दिले. दात असलेला पट्टा 1940 च्या दशकात अमेरिकेत शिलाई यंत्रासाठी निघाला. सुई आणि धागा नेणारा भाग एकमेकांशी ताल धरून चालावेत हा त्याचा हेतू होता. मोठ्या संख्येने बनलेल्या मोटारीत तो पहिल्यांदा जर्मनीच्या ग्लास कंपनीने 1962 मध्ये वापरला. भारतात अँबेसडर आणि पद्मिनी यांच्या इंजिनात कॅमशाफ्ट फिरवण्यासाठी साखळी होती, म्हणून नागपूरच्या मिस्त्रीचा या पट्ट्याशी खरा संबंध डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 पासून आला. 1998 मध्ये सँट्रो आणि टाटा इंडिका आल्यावर तो रोजचा झाला. हा पट्टा पंखा फिरवत नाही. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक व्हावा आणि व्हॉल्व्ह ठरल्या क्षणीच उघडावेत, हे तो सांभाळतो. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची जागा एकच असलेल्या इंजिनात पट्टा काही दात सरकला किंवा तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. डिझेल इंडिकात याचा अर्थ हेड खोलून वाकलेले व्हॉल्व्ह बदलणे असा होत असे.

पट्टा इंजिनाच्या कडेला, कव्हराखाली, मडगार्डला लागून असतो आणि तिथवर पोचायलाच दोन तास जातात. आडमार्ग या दोन तासांवर निघाले. सर्वांत चतुर युक्ती सुरीची. जुना पट्टा न काढता त्याची अर्धी रुंदी गोल फिरवत लांबीने कापून टाकायची, उरलेल्या अर्ध्या पट्ट्यावर टायमिंग जसेच्या तसे धरून ठेवायचे, मोकळ्या झालेल्या अर्ध्या जागेत नवा पट्टा सरकवायचा, मग जुन्याचा उरलेला भाग कापून नवा पूर्ण आत ढकलायचा. टायमिंग कुठेही हलत नाही आणि अर्ध्या वेळेत काम होते. यात जे गाळले जाते ते नंतर दिसते. पट्ट्याला ताण देणाऱ्या टेन्शनरचे बेअरिंग तपासले जात नाही, पट्ट्याच्या मागे गळणारे ऑइल सील दिसत नाही, पाण्याचा पंप तसाच राहतो आणि आधीच एक दात चुकलेले टायमिंग नव्या पट्ट्यावरही चुकलेलेच राहते. काही महिन्यांनी टेन्शनर जाम होतो आणि नवाकोरा पट्टा तुटतो. दोष मात्र पट्ट्याच्या कंपनीला लागतो.

दुसरी युक्ती रंगाची. जुन्या पट्ट्यावर आणि पुल्यांवर पांढऱ्या खुणा करायच्या, त्याच खुणा दात मोजून नव्यावर उतरवायच्या आणि कारखान्याने ओतलेल्या मूळ खुणा पाहायच्याच नाहीत. मोजणी बरोबर असेल तर काम बरोबर होते आणि कुशल मिस्त्रीची ती बहुधा बरोबर असते. खरी चूक पुढची: पट्टा बसल्यावर इंजिन पान्याने हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते न पाहता थेट चावी फिरवणे. हाताने फिरवताना पिस्टन व्हॉल्व्हला टेकला तर पाना अडतो आणि नुकसान होत नाही. स्टार्टर अडत नाही.

क्रँक पुलीचा बोल्ट सोडवण्याची रीत या सगळ्यांत धोक्याची. बोल्ट घट्ट असतो, पुली फिरू न देणारे हत्यार गॅरेजात नसते. म्हणून लांब दांड्याचा सॉकेट बोल्टला लावून दांडा चॅसिसला टेकवतात आणि सेल्फ मारतात. इंजिन एका झटक्यात फिरते, दांडा अडतो, बोल्ट सुटतो. दांडा निसटला तर तो कोणाच्या नडगीवर जाईल हे कोणालाच सांगता येत नाही. या पट्ट्याचे आतले दोरे काचेच्या तंतूंचे असतात. तो दुमडला, उलटा केला किंवा पेचकसाने दातांवर ओढला तर तंतू तुटतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही. गिरणीतल्या पट्ट्याचा घाव लगेच, सगळ्यांसमोर होई. हा घाव घेऊन गाडी दुरुस्तीचे पैसे देऊन निघून जाते.

आज नागपुरात पट्टा बदलण्याचे बरेच काम स्कूटरचे असते. 1984 च्या कायनेटिक होंडाने गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी स्कूटर रुळवली आणि 2000 नंतरच्या अ‍ॅक्टिव्हाने ती घरोघरी पोचवली. या पट्ट्यासाठी पुढच्या पुलीचा नट सोडवावा लागतो आणि पुली धरून ठेवणारे साधे हत्यार न वापरता तिच्या पात्यांत पेचकस अडकवणे ही सर्रास सवय आहे. एखादे पाते मोडते. बसवताना मागची पुली उघडून पट्टा तिच्यात खोल दाबावा लागतो, म्हणजे पुढे तो सैल मिळतो. हे न करता नट आवळला तर पट्टा पुलीच्या दोन फाळक्यांमध्ये चिमटतो आणि नट बुशवर बसल्याऐवजी रबरावर बसतो. हाताला तो घट्ट लागतो. गाडी सुरू होताच पट्टा बाहेर सरकतो, नट त्या जागेपुरता मोकळा होतो आणि पुलीच्या आतले खाचे घासत राहतात.

गेल्या काही वर्षांत अनेक मोटारींत अल्टरनेटर किंवा एसीच्या कॉम्प्रेसरसाठी ताणून बसणारा पट्टा आला आहे. त्याला टेन्शनर नसतो, सैल करायला बोल्ट नसतो. जुना पट्टा कापूनच काढायचा आणि नवा पुलीच्या कडेवर अडकवून, इंजिन फिरवत, आत पाडायचा, हीच त्याची कंपनीने सांगितलेली रीत आहे. चालत्या पुलीवर पट्टा चढवण्याची गिरणीतली युक्ती अशी अधिकृत पुस्तकात आली. मात्र तिथे दोन अटी जोडलेल्या आहेत: पट्ट्याची कड न दुखवता तो आत नेणारे खास हत्यार वापरायचे आणि इंजिन हाताने, पान्यानेच फिरवायचे. गॅरेजात हे हत्यार बहुधा नसते. त्याच्या जागी प्लास्टिकची केबल टाय पुलीला बांधून पट्टा तिच्यात अडकवतात आणि सेल्फ मारतात.